उन्हाला न दिसलेले वस्त्र

मराठीत बाईच्या त्या तीन-चार दिवसांना नावे किती आहेत, हे कुणी मोजून पाहिले आहे काय? बाहेरची होणे, बाजूला बसणे, दूर होणे, अडचण येणे, शिवायची नसणे, कावळा शिवणे, विटाळ, पाळी. आणि प्रांताप्रांतांत, जातीजातींत आणखी कितीतरी. 'आईला कावळा शिवला' हे ऐकून घरातली लहान मुले अंगणात कावळा शोधीत, आणि मोठी माणसे पदराआड हसत. स्थितीला अशी पंचवीस नावे देणाऱ्या भाषेने त्या दिवसांत वापरायच्या वस्तूला मात्र एकही स्वतःचे नाव दिले नाही. फडके, घडी, चिंधी, कपडा हे सारे शब्द उसने, दुसऱ्या कामावरून तात्पुरते बोलावून आणलेले. जमीन पुसायच्या चिंधीला पोतेरे म्हणतात, चुलीवरचे भांडे उतरवायच्या फडक्याला मसोते म्हणतात, तान्ह्या पोराच्या कपड्याला बाळुते म्हणतात. घरातल्या प्रत्येक बाईच्या हाताखालून वर्षानुवर्षे गेलेले हे वस्त्र तेवढे निनावी राहिले.

निनावी वस्तूचा इतिहास लिहिणे अवघड असते. पेशव्यांच्या दफ्तरात लुगड्यांच्या खरेदीच्या नोंदी आहेत, खणांच्या आहेत, शालूंच्या आहेत. पण जुने लुगडे फाडून त्याच्या चार घड्या केल्या, ही नोंद कोणता कारकून करणार? तिला दाम पडत नव्हता, आणि जिला दाम पडत नाही ती गोष्ट जमाखर्चात येत नाही. तेव्हा या वस्त्राचा माग शास्त्रग्रंथांतून, कहाण्यांतून, आजीच्या तोंडून आणि थोडासा परटाच्या घाटावरून काढावा लागतो.

मौज अशी, की वेदात मात्र ते अगदी नावातच आहे. तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडात इंद्राची कथा येते. त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप याला इंद्राने मारले आणि ब्रह्महत्येचे पाप त्याच्या माथी आले. ते त्याने पृथ्वी, वृक्ष आणि स्त्रिया यांना तिसरा तिसरा हिस्सा वाटून दिले, आणि स्त्रियांच्या वाट्याचे पाप म्हणजे हे मासिक दिवस, असे तेथे सांगितले आहे. पाप केले इंद्राने, देवांचा राजा तो, आणि हप्ते फेडते आहे घरची सून. पण ते राहू द्या. आपल्या विषयाचा शब्द पुढे येतो. अशा स्त्रीला संहिता 'मलवद्वासस्' म्हणते, म्हणजे जिचे वस्त्र मळले आहे ती. तिने काय करू नये याची यादीही तेथेच आहे: केस विंचरू नयेत, काजळ घालू नये, नखे काढू नयेत, सूत कातू नये, दोर वळू नये. सूत कातू नये! जिच्या वस्त्रावरून तिला नाव पडले, तिने त्याच दिवसांत सुताला हात लावायचा नाही. पुढे स्मृतींनी आणि निबंधकारांनी या यादीला किती फाटे फोडले ते महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात एकत्र करून दिले आहे. सभापर्वातली द्रौपदी फरफटत आणली जाते तेव्हा ती एकवस्त्रा आहे आणि का एकवस्त्रा आहे तेही महाभारत स्पष्ट सांगते. आपण ते कीर्तनात ऐकतो आणि पुढच्या वस्त्रहरणाकडे वळतो.

या विचाराला विरोध झालाच नाही असे नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी, शरीराच्या इतर द्वारांतून जसा मळ जातो तसाच हाही, त्याचा वेगळा विटाळ कसला, अशी रोकडी समजूत आपल्या शिष्यांना घातली. पुढच्या शतकात चोखोबांच्या घरधनीण सोयराबाई यांनी तर अभंगातून मुळावरच बोट ठेवले, की देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग त्यावाचून जन्माला आलेला देह कोणाचा? पण अभंग गायले गेले आणि बाई बाजूला बसतच राहिली. भाद्रपद शुद्ध पंचमीला ऋषिपंचमीचे व्रत आले, त्यातल्या बैलाची आणि कुत्रीची कहाणी आली, आणि बैलाच्या श्रमाशिवाय पिकवलेल्या भाज्यांची ती चवदार भाजीही आली. भाजी आजही आवडीने होते. तिच्यामागची भीती सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

आणखी एक विसंगती पाहण्यासारखी आहे. मुलीला पहिल्यांदा न्हाण आले म्हणजे गावभर साखर वाटत. लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत, त्यामुळे ही वार्ता सासरघरची असे. पोरीला मखरात बसवीत, हिरवे लुगडे नेसवीत, फुलांच्या जाळ्या घालीत, वाजंत्री लावीत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात जे रण माजले ते याच प्रसंगाभोवती. १९३० मध्ये सारडा कायदा अमलात आला, हळूहळू लग्नाचे वय वाढत गेले, आणि मखरेही शहरांतून गेली. पण पाहा, पहिल्या वेळी जी गोष्ट वाजतगाजत साऱ्या आळीला सांगायची, तीच दुसऱ्या महिन्यापासून सख्ख्या भावाला कळता कामा नये. मखरात बसलेल्या त्या पोरीच्या हाती, सोहळा उरकल्यावर, सासूने किंवा थोरल्या जावेने हलकेच काय दिले असेल, ते कुठल्याही न्हाणाच्या गाण्यात येत नाही.

दिले ते जुन्या लुगड्याचे फाळके. इथे क्षणभर लुगड्याचे कौतुक केले पाहिजे. नऊवारी सुती लुगडे पहिली दोन वर्षे बाईचे असे. पुढची दहा वर्षे ते घराचे असे. विरले की त्याची चौघडी होई, वाकळीला अस्तर होई, झोळी होई, बाळुती होत, देवापुढच्या काकड्यालाही त्याची चिंधी चाले. शेकडो वेळा धुऊन त्याची खळ गेलेली, धागा मऊ आणि फुगीर झालेला. नवे करकरीत कापड पाणी चटकन पीत नाही, जुने पिते. हे कुणा रसायनशास्त्रज्ञाने आजीला सांगितले नव्हते. हातभर रुंद फाळके घेऊन त्याची लांबट घडी करायची, आत आणखी बारीक चिंध्यांची एक घडी, आणि वरून लंगोटासारखा पट्टा कमरेच्या नाड्याला पुढेमागे अडकवायचा, अशी साधारण रीत. नऊवारीचा कासोटा घट्ट ओढलेला असला म्हणजे घडी जागची हलत नसे. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला त्याचा केवढा आधार असेल! पाचवारी आणि परकर आले आणि हा आधार गेला. मग टाचण्या, नाड्या, पट्टे यांची खटपट सुरू झाली. वेषांतराच्या चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाल्या, नऊवारी शोभते की पाचवारी यावर चार पिढ्या भांडल्या, पण हा मुद्दा त्या चर्चेत आल्याचे माझ्या वाचनात नाही.

जिच्याकडे दोनच लुगडी, तिचे काय? जुने लुगडे हे ज्या घरात नवे लुगडे येते त्या घरातच असते. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणले, १९४५ च्या सुमारास बंगालमध्ये तर अंगावर धडके नाही म्हणून बायका घराबाहेर पडेनात. अशा वेळी घडीसाठी फाडायला काय उरत असेल? गोणपाट, राख, वाळू, पालापाचोळा यांचे उल्लेख गरीब बायकांच्या बोलण्यात येतात ते यामुळे.

आता जे खरे सांगायचे त्याकडे येतो. कापडाची घडी करणे सोपे. कठीण ते पुढचे. ती धुवायची कुठे, आणि वाळवायची कुठे?

धुण्याचे शास्त्र बायकांना पक्के ठाऊक होते. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात भिजत घालायचा. कढत पाणी लागले की रक्तातला प्रथिनांचा भाग गोठतो, डाग धाग्यात कायमचा बसतो. गार पाण्यात थोडे मीठ टाकले तर तो लवकर सुटतो. मग रिठा किंवा साबण, मग खळखळून धुणे, शक्य तर शेवटी उकळत्या पाण्यातून काढणे, आणि नंतर रखरखीत ऊन. ऊन हे शेवटचे आणि सर्वांत मोठे औषध. कापड पूर्ण वाळले आणि त्याला ऊन लागले, म्हणजे रोगजंतूंना आणि बुरशीला तेथे राहणे कठीण होते. दमट राहिलेल्या कापडात ते सुखाने नांदतात.

धुण्याची रीत पक्की असली तरी उन्हाची परवानगी नव्हती. दांडीवर सासऱ्याचे धोतर वाळे, दिराची बंडी वाळे, पोरांच्या चड्ड्या फडफडत. ही घडी तेवढी वाळत नसे. तिला गोठ्यामागचा कुड, माळ्यावरची अडगळ, मोरीतला खिळा, नाही तर दुसऱ्या लुगड्याच्या घडीखालची सावली. पुरुषाची नजर पडता कामा नये. वरून साप गेला तर कूस उजवत नाही असा समज. कुणी नेली तर करणी करील ही धास्ती. तांबडे फुटण्याआधी ओढ्यावर जायचे, घाटाच्या खालच्या अंगाला धुवायचे, आणि ओली घडी पिळून पदराखाली लपवून आणायची. पावसाळ्यात तर चार चार दिवस ती वाळत नसे आणि तशीच पुन्हा वापरावी लागे. मुंबईत १८६० साली विहारचे पाणी नळाने आले, पुढे चाळी उभ्या राहिल्या. पण मजल्यावर वीस बिऱ्हाडे, दोन नळ आणि समाईक मोरी असली म्हणजे नळाचे पाणीही ओढ्यासारखेच चव्हाट्यावरचे. ओढ्याला निदान पहाटेचा काळोख होता.

धर्मशास्त्राची एक गंमत येथे सांगतो. लोकर आणि रेशीम यांना विटाळ लागत नाही, सुताला लागतो. म्हणून सोवळ्याला धाबळी आणि मुकटा, आणि बाजूला बसलेल्या बाईला घोंगडी. शास्त्रकारांनी कापसाचा गुण बरोबर ओळखला होता म्हणायचा. जे जे ओले ते तो शोषून घेतो, आणि त्यांच्या लेखी विटाळही. हा शोषलेला विटाळ धुणाराच्या अंगावर जाई. ज्या घरांत असे कपडे परटाकडे जात, तेथे परटीण ते वेगळे नेई. बलुतेदार म्हणून त्याला खळ्यावर धान्य मिळे, पण सात अंत्यजांच्या यादीत पहिले नाव रजकाचे.

हे आपल्याकडेच होते असे समजू नये. चार हजार वर्षांपूर्वीच्या मिसर देशात खेती नावाचा एक बाप आपल्या मुलाला, बाबा रे, लेखनिक हो, म्हणून उपदेश करतो. तो ग्रंथ उपलब्ध आहे. इतर धंद्यांची दैना सांगता सांगता तो परटावर येतो: नदीकाठी सुसरींच्या शेजारी उभा राहून तो धुतो, आणि बायकांचे त्या दिवसांतले कपडेही त्यालाच धुवावे लागतात. पुढे इसवी सनापूर्वी बाराशेच्या आसपास, राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांच्या वस्तीत, खापरांवर लिहिलेल्या धुण्याच्या याद्या सापडल्या, त्यांत या पट्ट्यांचीही नोंद आहे. आमच्या कारकुनांनी जे टिपले नाही ते मिसरच्या परटाने टिपून ठेवले! पाचव्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियात हायपेशिया नावाची थोर गणितज्ञ होऊन गेली. तिच्या प्रेमात पडलेल्या एका शिष्याला तिने आपली घडीच दाखवली आणि, तुझे प्रेम याच्यावर आहे, यात सुंदर असे काही नाही, असे सुनावले, अशी आख्यायिका आहे. शिष्य वाटेवर आला म्हणतात.

युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत घरी शिवलेली, विणलेली घडीच चाले. १८८० नंतरच्या दशकात इंग्लंडात वापरून टाकून द्यायच्या पट्ट्या निघाल्या. त्यांच्या जाहिराती मुख्यतः कोणासाठी होत्या? प्रवासाला निघणाऱ्या बायकांसाठी. आगगाडीत आणि आगबोटीत धुवायचे कुठे, हाच प्रश्न. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला कापूस अपुरा पडला, तेव्हा अमेरिकेत लाकडाच्या लगद्याचा एक शोषक पदार्थ वापरात आला. इस्पितळातल्या परिचारिकांनी तो स्वतःसाठी वापरून पाहिला, आणि १९२० मध्ये त्यातून 'कोटेक्स' बाजारात आले. पण दुकानदाराकडे मागायचे कसे? मग साध्या कागदात गुंडाळलेले खोके फळीवर ठेवायचे, शेजारी पैशांचा डबा. बाईने नाणी टाकावीत, खोके उचलावे आणि मुकाट्याने निघावे. आपल्याकडे औषधाच्या दुकानात हेच पुडके वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून मिळू लागले. दांडीवरची लाज पिशवीत गेली, एवढेच.

आपल्याकडे घडीचा ऱ्हास होण्यास जाहिरातींइतकेच साडीतले बदलही कारण झाले असावेत, असे मला वाटते. १९७० नंतर नायलॉन आणि टेरिलीन घरोघर आले, आणि १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बसल्या. स्वस्त, न आटणारी, इस्त्री न लागणारी साडी गरिबाच्या घरी आली. बायकांना ती हवीच होती, आणि त्यात गैर काही नाही. पण ती जुनी झाली तरी पाणी पीत नाही. मऊ सुती लुगड्याचा घरातला झरा असा आटला, आणि बाई चिंधीसाठीसुद्धा बाजाराकडे पाहू लागली. जी उरली ती कृत्रिम धाग्याच्या चिंध्यांवर भागवू लागली, आणि मग 'कापड घाणेरडे' हा शिक्का बसला.

तो खरा आहे काय? ओडिशात २०१५ आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन पाहण्यांत, पुन्हा पुन्हा कापड वापरणाऱ्या बायकांत जंतुसंसर्ग अधिक आढळला. शिक्का मारणारे येथेच थांबतात. पण दुसऱ्या पाहणीत पुढे असेही दिसले, की घडी घराच्या आत वाळवणाऱ्या आणि न्हाणीघरात दडवून ठेवणाऱ्या बायकांत बुरशीचा उपद्रव जास्त होता. म्हणजे दोष धाग्यात शोधण्याआधी त्याला लपवणाऱ्या अंधारात शोधला पाहिजे. निदान मी तरी त्या पाहण्यांचा अर्थ असाच लावतो.

बीड जिल्ह्याची गोष्ट तर याच महाराष्ट्रातली. दिवाळी आटोपली की तेथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर दंड. राहायला फडाच्या कडेची कोपी. तिला ना न्हाणी, ना संडास, ना दार. पाणी लांबून आणायचे ते आधी स्वयंपाकाला. अशा ठिकाणी घडी बदलायची कुठे, धुवायची कशात, वाळवायची कशावर? अंगावरून जाते, पोट दुखते म्हणून या बायका डॉक्टरकडे जात, आणि पिशवीच काढून टाकण्याचा सल्ला घेऊन येत. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीपुढे आकडे आले: पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. सगळ्याच शस्त्रक्रिया या एका कारणाने झाल्या असे कुणी म्हणणार नाही. कर्जाचा, खाड्याचा, डॉक्टरांच्या लोभाचाही त्यात भाग होता. पण बादलीभर पाणी, चार पत्र्यांचा आडोसा आणि एक निवांत दांडी असती, तर त्यांतल्या कितीजणी त्या टेबलावर गेल्या नसत्या, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

सरकारने काही केले नाही असे नाही. ८ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात 'अस्मिता' योजना सुरू झाली आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पट्ट्या देण्याची सोय झाली. या वस्तूवरचा वस्तू व सेवा करही त्याच वर्षीच्या जुलैत उठला. शाळकरी मुलीला याचा केवढा उपयोग आहे हे सांगायला नको. कापडाचे गोडवे गाऊन तिला पुन्हा गोठ्यामागे पाठवण्याचा माझा मुळीच विचार नाही. परंतु या पट्ट्यांत बराचसा भाग प्लास्टिकचा असतो, तो कुजत नाही, आणि वापरल्यावर तो कुणाच्या तरी हाती पडतोच. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने नागरिकांना विनवले, की वापरलेली पट्टी कागदात नीट गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला ती उघडावी लागणार नाही. परटीण गेली आणि कचरावेचक आली. आपले कापड आपण धुवावे की दुसरीच्या हाती द्यावे, हा जुना प्रश्न नव्या वेषात तसाच उभा आहे.

आणि कापडही पुरते गेलेले नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी सुमारे निम्म्या जणींनी कापड वापरत असल्याचे सांगितले. पट्ट्या वापरणाऱ्या त्याहून अधिक, म्हणजे पुष्कळजणी दोन्ही वापरतात. घरी पट्टी आणि कापड दोन्ही ठेवून प्रसंग पाहून निवड करणे, हे बायकांचे जुने व्यवहारज्ञान. दिल्लीच्या 'गूंज' संस्थेने जुने सुती कापड जमवून, धुऊन, घड्या करून गावोगाव पोचवले. ऑरोव्हिलच्या 'इको फेम'ने २०१० पासून शिवलेल्या सुती घड्या बनवायला घेतल्या. आपल्याकडे काही ठिकाणी बचत गटांच्या बायकाही त्या शिवतात. रचना आजीचीच आहे, जरा सुधारलेली: अंगाला लागणारा पदर मऊ फ्लॅनेलचा, आत शोषणाऱ्या सुती कापडाचे थर, खाली ओल न झिरपू देणारे अस्तर, आणि दोन्ही बाजूंना पंख, ते खालून टिचबटनाने जोडायचे. कासोट्याचे काम आता बटण करते. नीट धुतली तर घडी काही वर्षे टिकते. सोबत धुण्याच्या सूचनांचा कागद येतो, आणि त्यात पहिली सूचना असते: आधी गार पाण्यात भिजवा, मग उन्हात वाळवा.

शिवताना कापड निवडण्याचीही एक गंमत आहे. पांढरे कुणी घेत नाही. फुलाफुलांचे, ठिपक्यांचे, गडद रंगाचे छापील कापड बायका मुद्दाम काढतात. डाग दिसू नये हे तर झालेच. पण दांडीवर टाकली तर येणाऱ्याजाणाऱ्याला ती पोराचे लाळेरे वाटावी, नाही तर हातरुमाल.